थरमध्ये पाणी कुठे असतं?

जैसलमेरला निघालेल्या मराठी पर्यटकाच्या मनात वाळवंटाचं चित्र आधीच पक्कं असतं. नजर जाईल तिथे वाळू, मध्ये एक उंट, कडेला एखादं निवडुंग. पोखरण मागे पडलं की त्याची पंचाईत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत, काटेरी झुडपं, खडकाळ माळ, मेंढ्यांचे कळप आणि मधूनच बाजरीचं शेत दिसत राहतं. ‘वाळवंट कधी लागणार?’ असं तो ड्रायव्हरला विचारतो. ते केव्हाच लागलेलं असतं. सम किंवा खुरीची वाळूची टेकाडं हा त्यातला फोटोत शोभणारा तेवढा भाग.

थरचं वाळवंट सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचं. त्याचा मोठा भाग पश्चिम राजस्थानात, थोडा गुजरात, हरियाणा आणि पंजाबात, उरलेला पाकिस्तानात. इतकी माणसं आणि इतकी गुरं असलेली वाळवंटं जगात फारशी नाहीत. ही सगळी मंडळी जगतात कशी, हे समजून घ्यायचं तर आपण एकच प्रश्न धरून चालू या: या घटकेला पाणी कुठे आहे, किती खोल आहे आणि किती वेळ टिकणार आहे?

आधी वाळवंट कशाला म्हणायचं ते पाहू. भूगोलातला ढोबळ नियम असा, की वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश वाळवंट. या नियमात उन्हाचा उल्लेख नाही, वाळूचाही नाही. म्हणून तर लडाखही वाळवंटच. जैसलमेरला वर्षाचा पाऊस साधारण २०० मिलिमीटर, म्हणजे महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवशी पडून जातो तेवढा. शिवाय पडणाऱ्या पावसाबरोबर उडून जाणारं पाणीही पाहावं लागतं. जैसलमेरचं ऊन आणि वारा मिळून वर्षभरात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी उडवू शकतात. पडणाऱ्या पाण्याच्या हे दहापट झालं. पुढचं सगळं या आकड्यांतून येतं.

पाऊस का पडत नाही, या प्रश्नावर मराठी माणूस चटकन चुकतो. सह्याद्री आपल्या अंगवळणी पडलेला असतो. घाटमाथ्यावर धो धो आणि माण-खटावात ठणठणाट, ही पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कोरडा पट्टा, आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यामुळे थरचं खापरही आपण अरवलीवर फोडतो. पण सह्याद्री वाऱ्याला आडवा उभा आहे, अरवली तशी नाही. तिची रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाते, अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्याला जवळपास समांतर. वारा तिच्या कडेकडेने निघून जातो. त्याला वर चढावंच लागत नाही, आणि हवा वर चढून थंड झाल्याशिवाय पाऊस पडत नाही.

दुसरं कारण डोक्यावर असतं. जुलैत थरच्या हवेत दमटपणा चांगला असतो, घामही येतो. पण हा दमट थर जमिनीलगत, उथळ असतो. त्याच्या वर बलुचिस्तान-इराणकडून आलेली उष्ण, कोरडी हवा पसरलेली असते, पातेल्यावर झाकण बसावं तशी. खालची वाफ वर जाऊ पाहते आणि तिथेच अडते. ढग येतात, जमतात, पांगतात. हे झाकण ज्या थोड्या दिवसांत सरकतं तेवढ्याच दिवसांत पाऊस पडतो, आणि कधीकधी भलताच पडतो. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात वर्षभराहून जास्त पाऊस मोजक्या दिवसांत कोसळला. कवास गावात ते पाणी कितीतरी आठवडे तुंबून राहिलं, कारण तिथल्या जमिनीखाली जिप्समचा थर आहे आणि तो पाणी मुरू देत नाही. या थराची आठवण ठेवावी, तो पुढे दोनदा येणार आहे.

आता पडलेल्या पाण्याचं काय होतं ते पाहू. वाळू पाणी पटकन पिते आणि ते खाली जातं. मग ऊन पडतं आणि वरची काही बोटं वाळू कोरडी होते. आपल्याला वाटतं, संपलं. पण कोरड्या वाळूच्या कणांमधल्या फटी मोठ्या असतात. त्यांतून खालचं पाणी वर खेचलं जात नाही, आणि वरचा कोरडा थरच खालची ओल राखतो. पाऊस होऊन बरेच दिवस झाल्यावरही टेकाडावर हातभर उकरून पाहावं. वर पिवळी, सुटी वाळू आणि खाली गडद, मुठीत दाबली तर क्षणभर आकार धरणारी ओली वाळू, अशी सीमारेषा स्पष्ट दिसते. जास्त पावसाच्या मुलखात चिकणमाती चांगली, कारण ती पाणी धरून ठेवते. कमी पावसाच्या मुलखात हा हिशेब उलटा होतो. चिकणमातीत पाणी वरच राहतं आणि उडून जातं, वाळूत ते खाली सुरक्षित राहतं. ज्या वाळूला आपण ओसाडपणाची खूण समजतो, तीच थरची पाण्याची तिजोरी आहे.

खडकाळ भागात, ज्याला तिथे मगरा म्हणतात, पाणी थांबत नाही, उतारावरून धावतं. सखल, चिकण जागी साठतं, आटतं आणि मागे मीठ ठेवतं. सांभर, डीडवाना, पचपदरा ही मिठाची ठिकाणं अशीच झाली.

उष्णतेचंही पाण्यासारखंच. १९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. हा भारतातला विक्रम. पण हे तापमान सावलीत, हवेचं. त्याच वेळी उघडी वाळू ६० अंशांच्या पुढे जाते. चुरूला मात्र हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो. हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाहीत, त्यामुळे दिवसाची उष्णता रात्री अडवायला काहीच नसतं. हा सगळा थयथयाट पृष्ठभागाजवळचा. वाळू उष्णता खाली जाऊ देत नाही. हात-दीड हात खाली दिवस आणि रात्र यांत जेमतेम फरक उरतो. थरच्या प्राण्यांचं अर्धं शहाणपण हे दीड हात खाली जाण्यात आहे.

झाडांकडे येऊ. काही वनस्पती कोरड्या दिवसांशी झुंजतच नाहीत, त्या बीच्या रूपात झोपून राहतात. अशा कित्येक बियांच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात. शिंतोड्याने ती धुऊन जात नाहीत, चांगली सर पडली तरच जातात. म्हणजे रोप तगेल इतकी ओल जमिनीत झाली आहे याची खात्री पटल्यावरच बी उगवते. मग सगळी घाई. काही आठवड्यांत पानं, फूल, बी, आणि पुन्हा झोप. शिवाय सगळ्या बिया एकाच वर्षी उगवत नाहीत, काही मागे राहतात. पहिली सर फसवी निघाली तरी वंश टिकतो.

खेजडीची रीत याच्या उलट. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. राजस्थानचा हा राज्यवृक्ष. तिचं मूळ २०-३० मीटर खोल जाऊ शकतं, त्यामुळे यंदा पाऊस झाला की नाही याची तिला फारशी फिकीर नसते. मे महिन्यात बाकी सगळं करपलेलं असताना ती हिरवीगार असते आणि शेंगांनी लगडते. या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. हिवाळ्यात शेतकरी तिच्या फांद्या छाटतात, तो पाला जनावरांना घालतात. तिच्या मुळांवरचे जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, पानगळीने माती सुधारते. म्हणून मारवाडचा शेतकरी बाजरीच्या शेतात खेजड्या उभ्या ठेवतो, आणि त्यांच्या बुडाशी बाजरी जास्त जोमदार येते. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० मध्ये राजाची माणसं चुन्याच्या भट्टीसाठी ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृता देवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. त्यांच्या श्रद्धेत शेतीचं हे व्यवहारज्ञानही मिसळलेलं होतं असं मला वाटतं.

खेजडी लावताना हमखास चूक होते ती या खोल मुळाच्या बाबतीतच. रोप वर्षा-दोन वर्षांत वाढताना दिसत नाही म्हणून लोक निराश होतात आणि रोज थोडं थोडं पाणी घालत राहतात. रोपाची सगळी शक्ती त्या काळात खाली मूळ धाडण्यात जात असते. वरून रोज पाणी मिळालं की मूळ वरच रेंगाळतं, आणि पाणी घालणारा माणूस गेला की झाड मरतं. प्लास्टिकच्या पिशवीत फार दिवस ठेवलेल्या रोपाचं मूळ तळाशी वेटोळं घालतं, तेही पुढे सरळ खाली जात नाही. क्वचित पण भरपूर पाणी आणि शेळ्यांपासून कुंपण, एवढं केलं की बाकीचं तिचं तिला कळतं.

मुळांनी पाणी मिळवण्याइतकंच पानांनी ते जाऊ न देणं महत्त्वाचं. पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. हवा आत घ्यायची तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की पाणी बाहेर जातं. ही अडचण केरने, म्हणजे मराठीतल्या नेपतीने, पानंच टाकून सोडवली. तिच्या हिरव्या फांद्याच अन्न तयार करतात. रुईने पानांवर मेणाचा आणि लवेचा थर चढवला. खडकांवरचा थोर आपली रंध्रं दिवसा बंद ठेवतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि उजाडल्यावर, दार न उघडता, त्याचं अन्न करतो. या थोराला कॅक्टस समजू नये. कॅक्टस अमेरिका खंडाचे, आणि थरमध्ये जे दिसतात ते लावलेले. थोर निराळ्या घराण्यातला, खुडला तर पांढरा चीक येतो.

आणि सेवण गवत. पर्यटक याच्याकडे पाहतही नाही, पण जैसलमेरची पशुपालक घरं यावर उभी आहेत. वर्षानुवर्षं जगणारं, झुबक्यांनी वाढणारं, मुळांच्या जाळ्याने वाळू धरून ठेवणारं. चरलं गेलं, करपलं तरी पहिल्या पावसाला पुन्हा फुटतं.

प्राण्यांत सुरुवात उंटापासूनच करावी लागते, कारण गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त. उंटाच्या कुबडात पाणी नसतं, चरबी असते. ती जाळताना थोडं पाणी तयार होतं हे खरं. पण त्यासाठी श्वास जास्त घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत त्या श्वासावाटे साधारण तेवढंच पाणी निघून जातं. मग उंट टिकतो कसा? १९५० च्या दशकात क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने सहारात उंटांची नीट मोजमापं घेतली, तेव्हा खरा प्रकार कळला. तहानलेल्या उंटाचं शरीर पहाटे ३४ अंशांपर्यंत निवतं आणि दुपारी ४१ अंशांपर्यंत चढतं. आपल्याला एवढा ताप आला तर दवाखान्यात न्यावं लागेल. उंट मात्र दिवसभराची उष्णता अंगात साठवतो आणि रात्री फुकटात सोडून देतो. ५०० किलोचा उंट या सात अंशांच्या फरकामुळे दिवसाला सुमारे पाच लिटर घाम वाचवतो.

बाकीही तजवीज आहे. पाठीवरची लोकर ऊन अंगापर्यंत पोहोचू देत नाही. लोकर कातरलेल्या उंटांना दीडपट घाम येतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. नाकातल्या वळणदार पडद्यांवर उच्छ्वास थंड होतो आणि त्यातलं बाष्प नाकातच उतरतं. शेण इतकं कोरडं, की लगेच जाळता यावं. शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं पाणी गमावूनही उंट चालू शकतो. माणूस त्याच्या निम्म्यातच दगावण्याच्या बेताला येतो. मग पाणी मिळालं की दहा मिनिटांत १०० लिटर. इतकं पाणी एकदम रक्तात आलं तर इतर प्राण्यांच्या तांबड्या पेशी फुटतील. उंटाच्या पेशी लंबगोल असतात आणि दुपटीहून जास्त फुगल्या तरी फुटत नाहीत.

यावरून उंटाला पाणी लागतच नाही असा अर्थ काढू नये. हिवाळ्यात हिरवा पाला मिळाला तर तो आठवडेच्या आठवडे पाण्याशिवाय काढतो, पण मे महिन्यात पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणाऱ्या उंटाला काही दिवसांच्या अंतराने पाणी लागतंच.

थरचा वाळवंटी उंदीर बहुधा पाणी पीतच नाही. पाला, मुळं, बिया यांतून मिळेल तेवढंच. शिवाय अन्न शरीरात जळताना पाणी तयार होतं. १०० ग्रॅम पिष्टमय पदार्थांतून ५५ ग्रॅमच्या आसपास. आपल्या शरीरातही हे घडतं, पण आपला खर्च एवढा मोठा की त्याची दखलही लागत नाही. सांडा नावाचा शाकाहारी सरडा बिळात शिरला की आतून मातीने तोंड बुजवतो आणि ऊनही बाहेर ठेवतो, सापही. हिवाळा तो शेपटीतल्या चरबीवर झोपून काढतो. याच चरबीसाठी त्याचा जीव जातो. रस्त्याकडेला ‘सांडे का तेल’ म्हणून सर्व दुखण्यांवर विकलं जातं ते त्याचं. औषधी गुण शून्य, आणि सांडा पकडणं कायद्याने गुन्हा.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो पखुर्डी हा पक्षी, जो पुणे-सोलापूरच्या माळांवरही दिसतो. कोरड्या बियांवर जगणारा, त्यामुळे त्याला पाणी प्यावंच लागतं. पिल्लं दूर माळावर, त्यांना उडता येत नाही. नर पाण्यात उतरतो, पोट बुडवून अंग हलवतो. पोटावरच्या त्याच्या पिसांचे तंतू पाणी शोषून धरतात. मग तो उडत जातो, पिल्लांसमोर ताठ उभा राहतो आणि पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोचीत धरून पाणी ओढतात. इंग्लंडमध्ये पाळलेल्या पखुर्ड्यांत हे एकाने १८९६ मध्ये पाहून लिहिलं, पण त्यावर कोणाचा विश्वास बसेना. १९६७ मध्ये कलहारीतला अभ्यास छापून आला तेव्हा कुठे ते मान्य झालं.

माणसांचा टप्पा. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’मध्ये तिथल्या लोकांची पाण्याची विभागणी सांगितली आहे: पालर म्हणजे थेट पावसाचं, पाताल म्हणजे खोल विहिरीचं, आणि या दोहोंमधलं रेजाणी, वाळूत ओल म्हणून अडकलेलं. पाताल पाणी बऱ्याच ठिकाणी खारं. पालर साठवायला टाका असतो, जमिनीत बांधलेला गोल हौद. त्याच्याभोवती उताराचं अंगण, ज्याला आगोर म्हणतात. पावसाआधी आगोर झाडून लख्ख करतात, कारण तिथे पडलेला प्रत्येक थेंब पिण्यासाठी हौदात जाणार असतो. गावात फिरताना अशा गोल, स्वच्छ अंगणात फोटोसाठी चपलांसकट शिरू नये.

रेजाणी मिळतं ते आपल्या त्या जिप्समच्या थरामुळे. तो थर वाळूतली ओल खाली खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. लोक तिथपर्यंत अरुंद कुंई खणतात. पाझर इतका हळू की दिवसाला दोन-चार घडे भरावेत, पण पाणी गोड. तोंड अरुंद ठेवायचं, म्हणजे पाणी पसरत नाही आणि उडतही नाही.

तिसरी युक्ती खडीन. जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांची, १५ व्या शतकापासूनची. खडकाळ उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालतात. उतारावरचं सगळं पाणी त्याच्या आत तुंबतं, मुरतं. हिवाळ्याच्या तोंडाशी उरलेलं पाणी सोडून देतात आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात, वरून एक पाणी न देता. पालीवालांचं कुलधरा गाव आज भुताच्या गोष्टीसाठी दाखवलं जातं. खडीन दाखवा म्हणून गाइडला मुद्दाम सांगावं लागतं, आणि ते सांगावंच.

बिघडतं ते या जमिनीला काहीतरी कमी आहे असं धरून चाललं की. सरकारी कागदांत ‘पडीक’ ठरलेल्या सेवणच्या कुरणांत झाडं लावली जातात, गवत जातं आणि गवतावरचं सगळं जातं. हिरवाईच्या हौसेने विलायती बाभूळ आणली; आपल्याकडे ती वेडी बाभूळ. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला शाही झाड म्हणून संरक्षण दिलं होतं. आज ती ओरणांत, म्हणजे तिथल्या देवरायांत, घुसून गवताला आणि स्थानिक झाडांना जागा ठेवत नाही. हरिकेहून येणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं. त्याने पिण्याचं पाणी आणि पिकं आणली हे कोणी नाकारणार नाही. पण ज्या भागांत खाली तो जिप्समचा किंवा चिकणमातीचा थर आहे, तिथे जास्तीचं पाणी मुरलं नाही. ते वर चढलं, बरोबर मीठ घेऊन आलं आणि शेतं चिबड झाली.

अलीकडचा प्रश्न तारांचा. उन्हाचा मुलूख म्हणून सौरऊर्जा प्रकल्प आले आणि त्यांच्याबरोबर विजेच्या तारा. माळढोक पक्षी १५ किलोपर्यंत वजनाचा, डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि जड अंग वेळेत वळत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तिथे तो आता क्वचितच दिसतो. देशात उरलेल्या शे-दीडशे माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर भागात, या तारांच्या मधोमध.

परतताना बहुतेक जण जोधपूरच्या बाजारातून वाळवलेली केर-सांगरी आणतात, आणि घरी भाजी बिघडते. केर मूळची कडू. मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस ठेवून मगच वाळवतात. तरी घरी आणल्यावर ती रात्रभर भिजवावी, सांगरी वेगळी भिजवावी, कारण ती लवकर शिजते. दोन्ही चार-पाच पाण्यांनी धुवावीत, नाहीतर दाताखाली कचकच येते. मग उकडून, पाणी काढून, मोहरीच्या तेलात सुकी मिरची आणि आमचूर घालून परतावी. यात कुमटाच्या बिया आणि आपल्या भोकराच्या जातीतला गूंदा पडला की तिला पंचकुटा म्हणतात. नीट वाळवलेलं हे साहित्य डब्यात वर्षभर सहज टिकतं, दुष्काळात तेच ताटात असतं. भाजी जास्तच करावी. दुसऱ्या दिवशी बाजरीच्या भाकरीबरोबर ती अधिक चांगली लागते.